लुई ल्युमिएर: सिनेमा पेटीतून बाहेर काढणारा आणि मग स्वतःच बाजूला झालेला माणूस

सिनेमा हा शब्द मुळात एका यंत्राच्या नावाचा तुकडा आहे. १८९५ साली फ्रान्समध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं गेलं आणि त्याचं नाव ठेवलं सिनेमॅटोग्राफ. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? लोकांनी ते तोडून सिनेमा केलं. पुढे यंत्र विस्मरणात गेलं, पण पडद्यावरच्या खेळालाही सिनेमा म्हणू लागले आणि तो जिथे दाखवतात त्या इमारतीलाही.

हे यंत्र घडवणारे होते लुई ल्युमिएर. पुस्तकांत त्यांचं नाव सहसा एकटं येत नाही, ल्युमिएर बंधू असंच येतं. तिकीट काढायचं, अंधाऱ्या खोलीत अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं आणि सगळ्यांनी मिळून एकच हलतं चित्र पाहायचं, ही आज अगदी साधी वाटणारी गोष्ट त्यांच्या यंत्रामुळे जगभर पसरली. गंमत अशी, की थिएटरचा धंदा जोरात येऊ लागला तेव्हा लुई त्यातून बाहेर पडत होते. त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं, की थिएटरचं तंत्र कुठून आलं हे तर कळतंच, शिवाय शोध लावणारा माणूस आणि त्याचा धंदा करणारा माणूस हे बऱ्याचदा वेगळे का असतात, हेही कळतं.

काचेच्या प्लेटांचा कारखाना

लुई यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८६४ रोजी पूर्व फ्रान्समधल्या बेझांसाँ शहरात झाला. थोरला भाऊ ऑग्युस्त त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा. वडील अंत्वान आधी चित्रं काढायचे, मग फोटोग्राफीच्या धंद्यात आले. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि कुटुंब लिआँ शहरात येऊन राहिलं. तिथल्या ला मार्तिनिएर या तांत्रिक शाळेत दोघं भाऊ शिकले. लुई हुशार होता, पण त्याला डोकेदुखीचा जबर त्रास होता. त्यामुळे पुढच्या शिक्षणाऐवजी तो वडिलांच्या स्टुडिओतल्या प्रयोगशाळेतच रमला.

त्या काळी फोटो फिल्मवर नव्हे, काचेच्या प्लेटवर काढायचे. जुन्या पद्धतीत प्लेटला रसायन लावून ती ओली असतानाच फोटो काढावा लागे आणि लगेच धुवावा लागे. आधीच तयार करून ठेवता येतील अशा कोरड्या प्लेटा तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या, पण त्यांचा भरवसा नसे. १८८१ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, लुईने या कोरड्या प्लेटसाठी सुधारित रसायन तयार केलं. त्यावर वडिलांनी लिआँच्या मोंप्लेझिर भागात कारखाना टाकला. सुरुवातीला तो बुडायच्या बेतात होता. पुढे निळ्या लेबलाच्या पाकिटातली त्यांची प्लेट बाजारात आली आणि घराची भरभराट झाली. १८९४ पर्यंत कारखान्यात ३०० च्या आसपास कामगार होते आणि वर्षाला सुमारे दीड कोटी प्लेटा निघत होत्या.

म्हणजे तिशीत पोहोचलेले लुई पैशांच्या विवंचनेतले गरीब संशोधक नव्हते. ते एका मोठ्या, चालत्या कारखान्यातले रसायनतज्ज्ञ होते. सिनेमावर त्यांचं पोट अवलंबून नव्हतं. त्यांनी पुढे घेतलेले बरेच निर्णय ही गोष्ट लक्षात ठेवली तरच समजतात.

दोघा भावांचं सूतही विलक्षण होतं. दोघांनी सख्ख्या बहिणींशी लग्नं केली. काम कुणीही केलेलं असो, पेटंटवर नाव दोघांचं, असा त्यांचा शिरस्ता होता. सिनेमॅटोग्राफची खरी यांत्रिक करामत लुई यांची असूनही श्रेय कायम ल्युमिएर बंधूंना मिळतं, ते त्यामुळेच.

एडिसनची पेटी आणि शिलाई मशीन

१८९४ मध्ये एडिसन यांचा किनेटोस्कोप पॅरिसमध्ये आला. ही एक उंच लाकडी पेटी होती. वर एक भोक. वाकून त्याला डोळे लावायचे, की आत हलतं चित्र दिसे. एका वेळी एकाच माणसाला. दहा जणांना दाखवायचं तर दहा पेट्या लागत. अंत्वान यांनी ही पेटी पाहिली, फिल्मचा एक तुकडा मिळवला आणि लिआँला येऊन मुलांना काम दिलं: हे चित्र पेटीतून बाहेर काढून पडद्यावर आणा.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. किनेटोस्कोपमध्ये फिल्म न थांबता पळत असे आणि एका फिरत्या चकतीच्या बारीक फटीतून प्रत्येक चित्र अगदी निमिषभर दिसे. भोकाला लावलेल्या डोळ्यांना तेवढा उजेड पुरतो, खोलीभर माणसांसमोरच्या पडद्याला पुरत नाही. पडद्यावर चित्र लख्ख दिसायचं तर प्रत्येक चित्र क्षणभर दिव्यासमोर पूर्ण थांबायला हवं, त्यातून भरपूर प्रकाश जायला हवा आणि मग अंधार करून पुढचं चित्र त्या जागी यायला हवं. तेही सेकंदाला १५-१६ वेळा, फिल्म न फाटता.

आधी ऑग्युस्त यांनी खटपट केली, ती जमली नाही. मग १८९४ च्या अखेरीस, तब्येत बरी नसल्यामुळे झोप न लागलेल्या एका रात्री लुई यांना उत्तर सापडलं, असं ऑग्युस्त यांनी पुढे सांगितलं आहे. उत्तर शिलाई मशीनमध्ये होतं. मशीनमध्ये कापड थोडं सरकतं, थांबतं, टाका पडतो, पुन्हा सरकतं. लुई यांनी याच धर्तीवर दोन दातांचा एक आकडा बसवला. फिल्मच्या कडेच्या भोकांत दात शिरतात, फिल्म एक चित्रभर खाली ओढतात, बाहेर निघतात आणि वर जातात. तेवढा वेळ फिल्म स्थिर. सरकण्याच्या वेळी समोर झडप येते, त्यामुळे ओढाताण प्रेक्षकाला दिसत नाही. कारखान्यातले मुख्य मेकॅनिक शार्ल म्वासों यांनी पहिलं यंत्र जुळवलं. १३ फेब्रुवारी १८९५ रोजी पेटंट नोंदवलं गेलं.

यंत्राची खरी ताकद त्याच्या आटोपशीरपणात होती. एडिसन यांचा कॅमेरा अवजड, विजेवर चालणारा आणि स्टुडिओत अडकून पडलेला. ल्युमिएर यांचं यंत्र पाचेक किलोची लाकडी पेटी, हाताने दांडा फिरवायचा. त्याच पेटीने चित्रीकरण व्हायचं, तिच्यातच फिल्मची प्रत निघायची आणि मागे दिवा ठेवला की तीच प्रोजेक्टर व्हायची. फिल्म ३५ मिलिमीटर रुंद, १७ मीटरच्या आसपास लांब. सेकंदाला साधारण १६ चित्रं या वेगाने ती ५० सेकंद चाले. एक माणूस ही पेटी घेऊन कुठल्याही गावात उतरू शकत होता, तिथलीच माणसं चित्रित करून त्यांनाच दाखवू शकत होता. जून १८९५ मध्ये लिआँला फोटोग्राफरांचं अधिवेशन भरलं, तेव्हा लुई यांनी हेच केलं. बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना चित्रित केलं आणि अधिवेशन संपायच्या आत ते त्यांनाच पडद्यावर दाखवलं.

एक फ्रँक आणि ३३ माणसं

त्याआधी मार्चमध्ये पॅरिसला तज्ज्ञांच्या एका सभेत पहिली फिल्म दाखवून झाली होती. विषय घरचाच: कारखान्याचं फाटक उघडतं आणि कामगार बाहेर पडतात. पण तिकीट लावून लोकांना दाखवण्याचा धीर वडिलांचा. त्यांनी पॅरिसच्या बुलेव्हार दे कापुसिन रस्त्यावरच्या ग्राँ कॅफेचं तळघर भाड्याने घेतलं. कॅफेच्या मालकाला उत्पन्नाचा पाचवा हिस्सा देऊ केला होता. त्याला भरवसा वाटला नाही, त्याने रोजचं ३० फ्रँक भाडं मागून घेतलं. हा व्यवहार त्याला किती महागात पडला हे लवकरच दिसलं.

२८ डिसेंबर १८९५. तिकीट एक फ्रँक. पहिल्या खेळाला आले ३३ जण. दहा छोट्या फिल्म, सगळं मिळून जेमतेम २० मिनिटं. कामगार, समुद्रात उड्या मारणारी मुलं, बाळाला भरवणारं जोडपं, माळ्याच्या पाइपवर पाय देऊन त्याला भिजवणारं पोरगं. दोघे भाऊ त्या दिवशी लिआँलाच होते. तोंडोतोंडी बातमी पसरली आणि काही आठवड्यांतच दिवसाला दोन हजारांहून जास्त लोक तळघरापाशी रांग लावू लागले.

स्टेशनात येणारी आगगाडी पाहून प्रेक्षक घाबरून पळत सुटले, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. पण आगगाडीची फिल्म २८ डिसेंबरच्या कार्यक्रमात नव्हतीच, ती काही दिवसांनी दाखवली गेली. आणि लोक खरोखर पळाले, याचा त्या काळातला भक्कम पुरावा मिळत नाही.

पहिलेपणाचा मानही वादातला आहे. बर्लिनमध्ये माक्स स्क्लादानोव्स्की यांनी त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तिकीट लावून हलती चित्रं दाखवली होती. अमेरिकेतही असे प्रयोग झाले होते. पण त्यांची यंत्रं बोजड होती आणि ते खेळ फार दूर पोहोचले नाहीत. ल्युमिएर यांचा खेळ सुरू झाला तो थांबलाच नाही.

सहा महिन्यांत मुंबईत

१८९६ च्या सुरुवातीपासून ल्युमिएर यांनी प्रशिक्षित ऑपरेटर जगभर पाठवले. लंडन, न्यूयॉर्क, सेंट पीटर्सबर्ग. त्यांतले मारियुस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला निघाले होते आणि वाटेत मुंबईला उतरले. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात भारतातला पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं. पॅरिसच्या तळघरानंतर अवघ्या सहा महिन्यांत सिनेमा मुंबईत पोहोचला होता. वॉटसन हॉटेलची लोखंडी सांगाड्याची ती इमारत आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाते.

पुढच्याच आठवड्यात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटर या नाटकगृहात गेले. तिथे वेगवेगळ्या दरांची तिकिटं आली, अगदी चार आण्यांपासून. पडदानशीन बायकांसाठी वेगळी बसायची सोय झाली. खालचे वर्ग, वरचे वर्ग, बाल्कनी, ही जी उतरंड पुढे एकपडदा थिएटरांत शंभर वर्षं दिसली, ती अशी नाटकगृहाकडून सिनेमाकडे आली.

मुंबईतले फोटोग्राफर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांना या खेळांनी झपाटलं. त्यांनी ब्रिटनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरची एक कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने भारतात केलेल्या पहिल्या चित्रीकरणांत ती मोजली जाते. दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला तो १९१३ साली. त्या प्रवासाची पहिली ठिणगी लिआँच्या कारखान्यातून आलेली होती.

दिवा, पाणी आणि आग

तेव्हाची फिल्म नायट्रेट सेल्युलॉइडची होती. हा पदार्थ भयंकर ज्वालाग्राही. आणि तो नेमका तापलेल्या दिव्यासमोरून न्यायचा. ल्युमिएर यांच्या प्रोजेक्टरमध्ये यावर साधा आणि चतुर उपाय होता. दिवा आणि फिल्म यांच्यामध्ये पाण्याने भरलेला काचेचा गोल चंबू. तो भिंगाचं काम करून प्रकाश एकत्र आणायचा आणि पाणी उष्णता शोषून घ्यायचं. चंबू फुटलाच तर प्रकाश फिल्मवर एकवटायचाच बंद व्हायचा.

सगळेच एवढी काळजी घेत नव्हते. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या खेळादरम्यान आग लागली. यंत्र ल्युमिएर यांचं नव्हतं, दुसऱ्याच कंपनीचं होतं आणि त्याचा दिवा इथरवर चालणारा होता. इथरच्या वाफेने पेट घेतला आणि लाकूड-कापडाचा मांडव काही मिनिटांत भस्मसात झाला. सव्वाशेच्या आसपास माणसं गेली, त्यांत बहुतेक बायका होत्या. सिनेमा म्हणजे आगीचा धोका, ही धास्ती त्यानंतर पक्की झाली. थिएटरच्या मागच्या भिंतीत प्रोजेक्टरची वेगळी, आग न पकडणारी खोली असते, ती अशाच अपघातांची देणगी. ब्रिटनने १९०९ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि भारतात १९१८ च्या कायद्याने सिनेमागृहाला परवाना सक्तीचा झाला.

हजारोंसाठी एक पडदा

१९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. लुई यांनी तिथल्या भव्य यंत्रदालनात तब्बल २१ मीटर रुंदीचा पडदा उभारला. कापडी पडदा दिवसा जमिनीखालच्या हौदात भिजत पडे आणि संध्याकाळी यंत्राने वर खेचला जाई. ओल्या कापडातून प्रकाश आरपार जातो, त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांना चित्र दिसे. एका वेळी हजारो माणसं ते पाहत. प्रदर्शनाच्या काळात दहा लाखांहून जास्त लोकांनी हे खेळ पाहिले.

याच सुमारास लुई यांनी ७५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचा कॅमेराही बनवला. चित्र मोठं करायचं तर फिल्मच मोठी हवी, हा विचार त्यामागे होता. तो कॅमेरा वेळेत कामी आला नाही आणि प्रदर्शनात नेहमीचीच फिल्म चालली. पण हाच विचार अर्धशतकानंतर ७० मिलिमीटरच्या रूपाने थिएटरात परतला.

मग माघार का घेतली?

एवढं सगळं हातात असताना ल्युमिएर या धंद्यात मागे पडले. त्याची कारणं त्यांच्या स्वभावात आणि हिशोबात होती.

सुरुवातीला त्यांनी यंत्र विकायलाच नकार दिला. पॅरिसच्या पहिल्या खेळाला जादूगार जॉर्ज मेलिएस हजर होते. त्यांनी यंत्रासाठी १० हजार फ्रँक देऊ केले, अंत्वान यांनी ते नाकारले. हे नवल थोडे दिवस चालेल, तोवर कमवून घ्यावं, असा घरातला अंदाज होता. झालं उलटं. मेलिएस यांनी दुसरीकडून यंत्र मिळवलं आणि पडद्यावर गोष्टी सांगायला सुरुवात केली. इतरांनी आपापले प्रोजेक्टर बनवले. १८९७ मध्ये ल्युमिएर यांनी यंत्रं विक्रीला काढली, तोवर मक्तेदारी गेली होती.

दुसरं, ५० सेकंदांच्या दृश्यांचं नवल ओसरलं. लोकांना आता गोष्ट हवी होती, नट हवे होते. म्हणजे स्टुडिओ, सेट, सतत नवी चित्रं आणि ती लावायला स्वतःची थिएटरं. पाथे कंपनीने हे केलं आणि ती जगभर पसरली. लुई यांना यात रस नव्हता. त्यांना सुटलेल्या कोड्यापेक्षा न सुटलेलं कोडं प्रिय होतं. १९०५ च्या सुमारास त्यांनी फिल्म काढणं थांबवलं. तोवर त्यांच्या यादीत १,४०० हून जास्त छोट्या फिल्म जमा झाल्या होत्या. त्यांच्या फिल्मला एका चित्रामागे दोन बाजूंना एकेक गोल भोक असे. जगाने मात्र एडिसन यांची, प्रत्येक बाजूला चार भोकांची फिल्म प्रमाण मानली. आपल्याच खेळाचा नियम ठरवणंही त्यांच्या हाती उरलं नाही.

रंग आणि चष्मा

यानंतरची वर्षं लुई यांनी रंगीत फोटोच्या मागे घालवली. बटाट्याच्या स्टार्चचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवून, मिसळून, काचेच्या प्लेटवर पसरायचे आणि त्यातून रंग टिपायचे, ही त्यांची ऑटोक्रोम पद्धत. १९०३ मध्ये पेटंट, १९०७ मध्ये विक्री. सर्वसामान्य फोटोग्राफरला वापरता येण्याजोगी ती पहिली यशस्वी रंगीत पद्धत ठरली. स्वतः लुई हिला सिनेमापेक्षा मोठं काम मानत. १९१९ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

सत्तरीत ते पुन्हा पडद्याकडे वळले. १९३५ मध्ये त्यांनी अकादमीसमोर त्रिमितीय सिनेमा सादर केला. दोन वेगवेगळ्या रंगांच्या काचांचा चष्मा घालायचा, की चित्राला खोली येते. त्यासाठी त्यांनी निवडलेला विषयही जुनाच: ला सिओता स्टेशनात येणारी आगगाडी. मोठा पडदा, रुंद फिल्म आणि थ्रीडी ही मल्टिप्लेक्सच्या जाहिरातीतली आकर्षणं लुई यांनी दुसऱ्या महायुद्धाआधीच हाताळून पाहिली होती.

अखेरच्या वर्षांवर एक सावली आहे. १९३९ मध्ये कान इथे होणाऱ्या पहिल्या चित्रपट महोत्सवाचं अध्यक्षपद त्यांना देण्यात आलं होतं, पण युद्ध सुरू झालं आणि महोत्सव रद्द झाला. त्यानंतर जर्मनीशी हातमिळवणी करणाऱ्या व्हिशी सरकारला ल्युमिएर बंधूंचा पाठिंबा राहिला. लोक हे विसरले नाहीत. सिनेमाच्या शताब्दीला, १९९५ मध्ये, फ्रान्सच्या २०० फ्रँकच्या नोटेवर दोघा भावांचं चित्र यायचं होतं. या मुद्द्यावर वाद झाला आणि त्यांच्या जागी आयफेल आले. लुई यांचं निधन ६ जून १९४८ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या बांदोल इथे झालं. ऑग्युस्त १९५४ मध्ये गेले.

काय उरलं?

लुई यांच्या यंत्रातलं आजच्या थिएटरात जवळपास काहीच नाही. बोलपट आले तेव्हा वेग सेकंदाला २४ चित्रांवर स्थिरावला. १९५० च्या आसपास नायट्रेट फिल्म जाऊन सहज न पेटणारी फिल्म आली. कार्बनच्या कांड्यांचा दिवा जाऊन झेनॉनचा आला. गेल्या दोन दशकांत फिल्मच गेली, तिच्यासोबत तो दात असलेला आकडाही. रिळांचे डबे घेऊन धावणारी माणसं गेली, आता सिनेमा हार्ड डिस्कवर येतो.

टिकली ती फक्त मांडणी. मागून प्रकाश, समोर पडदा आणि मध्ये अंधारात एकत्र बसलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसं. एडिसन यांची एकट्याने पाहायची पेटी आणि ल्युमिएर यांचा सगळ्यांनी मिळून पाहायचा पडदा यांत लोकांनी पडदा निवडला होता. मोबाइल हातात आल्यापासून एकट्याची पेटी परत आली आहे, आणि एकपडदा थिएटरं एकामागून एक बंद होत आहेत. तो जुना निकाल कायम राहतो का, हे आता प्रेक्षकच ठरवत आहेत.

लिआँमध्ये ज्या रस्त्यावर कारखान्याचं फाटक होतं, त्याला आज पहिल्या चित्रपटाचा रस्ता असं नाव आहे. ल्युमिएर यांच्या घरात संग्रहालय आहे. आणि पहिल्या फिल्ममधले कामगार ज्या शेडमधून बाहेर पडताना दिसतात, तिचा उरलेला भाग जपून त्यात एक सिनेमागृह केलं आहे. तिथे रोज तिकीट काढून लोक आत जातात.